पत्त्यांचा तोटा आणि माझा तोटा

ऑनलाइन पोकर, सहा जणांचं नो-लिमिट होल्डेमचं टेबल: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी डावाआधी लावायच्याच अशा रकमा, २५ आणि ५० सेंट; मोठी ती बिग ब्लाइंड, आणि पुढे नुसतं ब्लाइंड म्हटलं तरी तीच. बाय-इन, म्हणजे टेबलावर घेऊन बसायची रक्कम, ५० डॉलर म्हणजे १०० बिग ब्लाइंड. एका वेळी चार टेबलं, आठवड्यातून चार रात्री, नऊ ते अकरा. तासाला तीनशेच्या आसपास डाव होतात, रात्रीत सहाशे. न्यू जर्सीत परवाना असलेल्या साइटवर हा खेळ नोव्हेंबर २०१३ पासून कायदेशीर आहे आणि पुढचं सगळं याच मापाच्या खेळाबद्दल आहे. माप आधी सांगतो, कारण हरण्याच्या काळात डोकं ठिकाणावर ठेवणं मला आकड्यांशिवाय कधी जमलेलं नाही. शांत राहा, दीर्घ श्वास घ्या, हा सल्ला चांगलाच आहे. पण कशाबद्दल शांत राहायचं हे ठाऊक नसेल तर तो पुढच्या बॅड बीटपर्यंत, म्हणजे हातात आलेला डाव नशिबाने जाईपर्यंतसुद्धा टिकत नाही.

भारतातल्या वाचकांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानंतर तिथे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळता येत नाही आणि नावाजलेल्या साइटींनी पैशांची टेबलं बंद केली. परदेशी अ‍ॅप चोरवाटेने उघडून खेळण्याच्या फंदात पडू नका. तिथे हरलात तर हरलातच, आणि जिंकलात तरी पैसे हातात येतील याची हमी घेणारं कोणी नाही.

आता चढउतार. सहा जणांच्या होल्डेममध्ये दर १०० डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर पडतो त्याचं माप, ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. मी ९० धरतो. रेक, म्हणजे साइट डावातल्या रकमेतून कापते तो हिस्सा, वजा जाता दर १०० डावांना ५ ब्लाइंड कमावणारा खेळाडू या स्टेकला, म्हणजे ब्लाइंडच्या या पातळीला, चांगला म्हणायचा. सहाशे डावांच्या एका रात्री त्याची अपेक्षित कमाई ३० ब्लाइंड, आणि विचलन २२०. कमाई ही चढउताराच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी. यातून निघणारे तीन आकडे मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवले आहेत. शंभरांतल्या ४५ रात्री तोट्याच्या. पंधरा रात्रींतून साधारण एकदा तीन किंवा त्याहून जास्त बाय-इनचा फटका. आणि वर्षाला दोनशे रात्री खेळलं तर सलग पाच रात्री हरण्याची पाळी सरासरीने वर्षातून दोनदा. हे नीट खेळणाऱ्याचं, वर्षाअखेर जिंकणाऱ्याचं गणित आहे.

महिन्याभरात दहा हजार डाव झाले, तरी हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के राहते. पन्नास हजार डावांनंतर, म्हणजे आमच्या वेगाने पाच महिन्यांनी, ती ११ टक्के होते. कमाई ५ ऐवजी २ ब्लाइंड असेल तर पन्नास हजार डावांनंतरही ३१ टक्के. पाच महिने नीट खेळून, शिकून, तीनातला एक जण तोट्यात. हा आकडा पहिल्यांदा कळतो तेव्हा वाईट वाटतं, पण नंतर याच आकड्याचा सगळ्यात जास्त आधार होतो.

मन मात्र या गणिताने चालत नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा जास्त असते. नंतरच्या त्यांच्या मोजमापात ती साधारण दुप्पट आली. वरच्या आकड्यांना हे लावून पाहा. ५५ रात्रींचा आनंद एकेका मापाने, ४५ रात्रींचं दुःख दोन-दोन मापांनी. बेरीज उणे येते. म्हणजे खातं वाढत असतानाही मनाच्या वहीत वर्ष तोट्याचंच जातं. प्रत्यक्ष तोटा सुरू झाला की काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

म्हणून हरलेल्या रात्रीचा तोटा मी एका आकड्यात लिहीत नाही. वहीत दोन खाती आहेत. एक पत्त्यांचं, एक माझं.

पत्त्यांच्या खात्यात आधी जातो ऑल-इनचा, म्हणजे सगळे पैसे लावलेल्या डावांचा हिशोब, कारण तो नेमका करता येतो. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोर बादशहांची, फ्लॉपच्या, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पत्त्यांच्या, आधीच दोघांचे सगळे पैसे मध्ये. एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, २०० ब्लाइंडचा असेल तर त्यातले १६४ माझ्या वाटणीचे. रिव्हरवर, म्हणजे मधल्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर, बादशहा पडला तर १६४ ब्लाइंड पत्त्यांच्या खात्यात उणे. आणि हे उलट बाजूनेही तितक्याच कडकपणे लिहायचं. राण्यांच्या जोडीविरुद्ध माझ्याकडे वेगवेगळ्या रंगांचे एक्का-बादशहा असतील तर माझा वाटा ४३ टक्के, म्हणजे ८६ ब्लाइंड. तो पॉट मी उचलला तर ११४ ब्लाइंड पत्त्यांनी मला जास्तीचे दिले. तेही त्याच खात्यात, अधिक म्हणून. पोकरट्रॅकर ४ सारखं सॉफ्टवेअर ही बेरीज आपोआप करतं आणि आलेखावर वेगळी रेघ काढून दाखवतं. तरी मोठे दोन-चार डाव मी हाताने लिहितो. हाताने लिहिताना आपल्याला मिळालेलं नशीबही लिहावं लागतं, आणि हरण्याच्या काळात नेमकं तेच डोळ्यांआड होतं. 'माझ्यावरच का' हा विचार बळावला की मागची दहा पानं चाळायची. त्यात आपण पाडलेले दुसऱ्यांचे एक्के सापडतातच.

या रेघेवर एका मर्यादेपलीकडे विसंबू नये. ती फक्त रिव्हरच्या आधी पडलेल्या ऑल-इनचं नशीब मोजते. माझ्याकडे बादशहा आणि समोर एक्के, सेटवर (तीन सारखे पत्ते) मोठा सेट, फ्लशवर (एकाच रंगाचे पाच पत्ते) मोठा फ्लश, किंवा आठवडाभर एकही जोडी फ्लॉपला न लागणं, यातलं काहीच तिला दिसत नाही. त्यामुळे खरी रेघ आणि हिशोबाची रेघ दोन्ही खाली जात असतील तर लोक लगेच 'मीच वाईट खेळतोय' अशा निष्कर्षाला येतात आणि चांगला चाललेला खेळ बदलायला घेतात. डाऊनस्विंगमध्ये, म्हणजे हरण्याच्या लांबलेल्या काळात, केलेली अशी डागडुजी बहुतेक वेळा नवं भोक पाडते.

दुसरं खातं माझं. यात फक्त असे निर्णय जे घेतानाच चुकीचे आहेत हे मला कळत होतं. किंमत काढायची रीत सोपी आहे. रिव्हरला पॉट ६० ब्लाइंड, समोरच्याने ६० लावले. कॉल करायला, म्हणजे तेवढेच लावून पत्ते पाहायला, ६० द्यायचे, जिंकलो तर १२० मिळायचे. म्हणजे तीनातून एकदा तरी मी पुढे असायला हवा. मनातला प्रामाणिक अंदाज १५ टक्क्यांचा, तरी 'बघूच काय आहे' म्हणून कॉल. १५ टक्के वेळा १२० मिळतात, ८५ टक्के वेळा ६० जातात; निव्वळ ३३ ब्लाइंडचं नुकसान. सहाशे डावांची अपेक्षित कमाई ३० होती. रागाच्या भरातल्या एका कॉलमध्ये अख्ख्या रात्रीची कमाई गेली आणि वर तीन ब्लाइंड गेले. पत्त्यांच्या खात्यातले १६४ डोळ्यांत खुपतात, हे ३३ कोणाला आठवतसुद्धा नाहीत. पण पत्त्यांचं खातं लांबच्या पल्ल्यात शून्याकडे येतं. माझं खातं आपणहून कधीच शून्याकडे येत नाही, ते साचतं.

टिल्ट, म्हणजे हरल्यामुळे खेळावरचा ताबा सुटणं, म्हटलं की टेबलावर पैसे उधळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तो प्रकार ओळखायला सोपा आहे. मी साधारण २४ टक्के डावांत स्वतःहून पैसे घालतो. रागावलेल्या बैठकीत हा आकडा ३० च्या वर जातो, पाचवं टेबल उघडलेलं असतं, माउसवर बोट आपटत असतं, जबडा आवळलेला असतो. मला जास्त महाग पडतो तो दुसरा प्रकार, भित्रा टिल्ट. बाहेरून तो शिस्तीसारखा दिसतो. सात-आठ बाय-इन गेल्यावर माणूस सावध होतो, रिव्हरला दोन जोड्या असूनही चेक करतो, म्हणजे काही लावत नाही, 'आज उगाच वाढवायला नको' म्हणतो. समजा तिथे ३० ब्लाइंड लावायला हवे होते, आणि कॉल झाल्यास ६५ टक्के वेळा मी पुढे असतो. म्हणजे प्रत्येक कॉलमागे ९ ब्लाइंड मिळायचे. निम्म्या वेळा कॉल मिळतो असं धरलं तर न लावलेल्या प्रत्येक बेटची किंमत साडेचार ब्लाइंड. रात्रीत अशा दोन जागा सोडल्या की ९ ब्लाइंड, म्हणजे दर १०० डावांमागे दीड. पाचाची कमाई साडेतीनवर आली आणि एकही वाईट डाव झाल्याचं आठवत नाही. सगळे डाव 'सुरक्षित' होते. डाऊनस्विंग लांबतो तो बऱ्याचदा यामुळे, म्हणून पडताळणीत मी ही जागा पहिल्यांदा शोधतो.

बैठकीचे नियम टेबल उघडण्याआधी ठरलेले असतात, कारण हरताना ठरवलेला नियम हा नियम नसतो, सबब असते. तीन बाय-इन गेले की टेबलं बंद. यामागे पत्त्यांचं काही गणित नाही. पुढचा डाव मागच्या डावाला ओळखत नाही, आणि मी नीट खेळत असेन तर तीन बाय-इन गेल्यावरही बसून राहणं फायद्याचंच. पण तीन गेल्यावर मी नीट खेळत नाही, हे माझ्या दुसऱ्या खात्याने मला वारंवार दाखवलं आहे. तुमचा आकडा दोन असेल किंवा चार. तो स्वतःच्या वहीतून काढा. आपोआप रिलोड बंद ठेवतो. ही खूण चालू असेल तर शंभर ब्लाइंड गेल्या क्षणी नवे शंभर टेबलावर येतात आणि थांबून विचार करायला लागणारे ते पाच सेकंदसुद्धा मिळत नाहीत. रकमा डॉलरऐवजी बिग ब्लाइंडमध्ये दाखवायची सोय असेल तर ती चालू करतो, शिल्लक लपवतो, चॅट बंद. ४५ मिनिटांनी दहा मिनिटांची विश्रांती, खुर्चीतून उठून. अकरा वाजता उठायचं, पुढे असलो तरी आणि मागे असलो तरी.

अकराचा नियम इथल्या मराठी मंडळींना मी आवर्जून सांगतो. एडिसन, जर्सी सिटीच्या बाजूला राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारे खूप जण आहेत. तुम्ही न्यू जर्सीत आहात का हे साइट तपासते, त्यामुळे गाडीने हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलं की टेबल उघडत नाही. उरतो तो जेवणानंतरचा वेळ, मुलं झोपल्यावरचा, दिवसभर कॉल आणि मीटिंगांनी पिळून निघालेल्या डोक्याचा. हरलेल्या रात्री दोन तासांचे चार होतात, दीड वाजतो, आणि सकाळी साडेआठची गाडी असतेच. दुसऱ्या रात्री माणूस अपुऱ्या झोपेवर बसतो. सलग पाच हरलेल्या रात्रींमध्ये पहिल्या दोन पत्त्यांच्या आणि पुढच्या तीन झोपेच्या असंही पुष्कळदा असतं. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर मी टेबल उघडत नाही, आणि हा नियम मोडला की वहीत फटका दिसतोच.

पडताळणी त्याच रात्री करायची नाही. बैठकीत शंका आली तेवढ्या डावांवर खूण करायची आणि एक झोप मध्ये जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी वीस डाव काढतो. दहा सगळ्यात मोठे हरलेले, दहा मधल्या आकाराचे, १५ ते ४० ब्लाइंडचे पॉट, न निवडता आलेले. सगळे जण फक्त मोठे डाव पाहतात. तिथे शिकण्यासारखं सगळ्यात कमी असतं, कारण बहुतेक मोठे पॉट दोघांनाही सोडता येत नाहीत. ते पत्त्यांनीच घडवलेले असतात. गळती मधल्या पॉटमध्ये असते. डाव पाहताना निकाल झाकतो. निर्णयाच्या जागी थांबवायचं, समोरच्याकडे कोणकोणते पत्ते असू शकतात ते लिहायचं, मग किती टक्के हवे होते ते: पॉट १०० आणि बेट ५० असेल तर २५ टक्के, पॉटएवढी बेट असेल तर ३३. निर्णय लिहिल्यावर निकाल उघडायचा. अडलेले डाव एका मित्राला पाठवतो, तेही निकालाविना. "पुढे काय झालं ते सांगू नकोस," हे त्याचं पहिलं वाक्य असतं. निकाल कळला की चांगला खेळाडूसुद्धा मागे जाऊन कारणं शोधतो, त्यामुळे हा हट्ट योग्यच आहे.

तोटा पाच बाय-इनच्या पुढे गेला की टेबलं चाराची दोन. डाव निम्मे होतात, विचाराला वेळ दुप्पट मिळतो, आणि मुख्य म्हणजे भित्रा टिल्ट पकडता येतो, कारण प्रत्येक रिव्हरला 'इथे मी का लावत नाहीये' हे स्वतःला विचारायला फुरसत असते. दहा बाय-इनला स्टेक उतरतो. बँकरोल, पोकरसाठी बाजूला काढलेली एकूण रक्कम, १,५०० डॉलर, म्हणजे या स्टेकचे तीस बाय-इन. १,००० वर आलं की १० आणि २५ सेंटच्या टेबलावर, जिथे तेच हजार चाळीस बाय-इन होतात. परत वर जायचा आकडाही आधीच लिहिलेला: १,५००. दहा बाय-इनचा खड्डा ही काही जगावेगळी घटना नाही. दर १०० डावांना ५ ब्लाइंड कमावणारा खेळाडू आजच्या बिंदूपासून पुढे कधीतरी दहा बाय-इन खाली जाण्याची शक्यता २९ टक्के आहे; वीस बाय-इनची साडेआठ. कमाई २ ब्लाइंड असेल तर दहाची शक्यता ६१ टक्के आणि वीसची ३७. वीस बाय-इनवर बसलेला, थोडंथोडं जिंकणारा माणूस म्हणजे तीनांतून एकदा कफल्लक होणारा माणूस. तो वाईट खेळत नसतो, त्याचं पाकीट लहान असतं.

खाली उतरणं मनाला फार जड जातं आणि त्याचं कारण लपवण्यात अर्थ नाही. गेलेले ५०० डॉलर खालच्या स्टेकला वीस बाय-इन आहेत. दर १०० डावांना ५ ब्लाइंड म्हणजे तिथे सव्वा डॉलर. पाचशे भरून काढायला ४०,००० डाव, १३३ तास, आठवड्याला आठ तास धरले तर सतरा आठवडे. ज्या रकमेला जायला एक-दीड आठवडा लागला तिला परतायला चार महिने. याच क्षणी मन दुसरा रस्ता दाखवतं: १ आणि २ डॉलरच्या टेबलावर हे पाचशे म्हणजे फक्त अडीच बाय-इन, एका रात्रीचं काम. द्यूतसभेत प्रत्येक हरलेल्या डावानंतर धर्मराजाने पण मोठा केला, तो याच हिशोबाने. यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडली आहे. भरून काढायची रक्कम हा शब्दच वहीत ठेवायचा नाही. आजची शिल्लक ही आजची सुरुवात. खालच्या टेबलावर बसताना समोर १३३ तास ठेवले तर कोणीही वैतागेल. समोर फक्त आजच्या सहाशे डावांमधलं माझं खातं ठेवायचं, ते शून्य आणता येतं का एवढंच पाहायचं.

साधारण याच टप्प्यावर 'साइटच पत्ते लावते' हा विचार येतो, सगळ्यांना येतो. परवानाधारक साइटची पत्ते पिसण्याची प्रणाली राज्याच्या नियामकाकडून तपासली जाते, हे एक. दुसरं, वेग. कॅसिनोच्या टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, इथे तीनशे. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून एकदा येते. सहाशे डावांच्या रात्री अडीच-तीनदा. म्हणजे आठवड्यातून दहा-अकरा वेळा एक्के, आणि त्यातले काही पडणारच. आयुष्यभर मित्रांबरोबर खेळून जेवढे बॅड बीट दिसले नसते तेवढे एका हिवाळ्यात दिसतात. उलट टोकाला, सुट्टीत पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्या वेगाने वीस हजार डावांचा डाऊनस्विंग साडेसहाशे तास चालतो. वर्षाला तीन सुट्ट्या गोव्यात घालवणाऱ्याला आपण जिंकणारे आहोत की हरणारे हे कधीच कळणार नाही. टूर्नामेंटवाल्यांचं आणखी कठीण. शंभरात पंधरा वेळा बक्षिसात येणारा खेळाडू सलग वीस टूर्नामेंट रिकाम्या हाती परतण्याची शक्यता चार टक्के, आणि बक्षिसात आल्यावरही बहुतेक पैसे पहिल्या तीन क्रमांकांत असतात. माझ्यापुरतं, पत्ते लावल्याचा संशय हे लक्षण मानतो. तो आला की डाव संपवून उठायचं.

पण डाऊनस्विंग खरोखर पत्त्यांचाच आहे का, हा प्रश्न टाळायचा नाही. वीस हजार डावांवर काढलेल्या कमाईच्या दरात साडेसहा ब्लाइंडची अनिश्चितता असते, पन्नास हजारांवर चारची. पन्नास हजार डावांत उणे ३ दिसत असेल तर खरा दर अधिक ५ असणं गणिताने अशक्य नाही, पण त्यावर घर बांधू नये. त्या वेळी मी तीन गोष्टी तपासतो. टेबलं बदलली आहेत का: पूर्वी टेबलावर दोन कच्चे खेळाडू असायचे, आता सहाही जण सॉल्व्हरने, म्हणजे योग्य खेळ मोजून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, शिकलेले आहेत का. स्टेक उतरल्यावर रेकचं प्रमाण वाढलं आहे का. लहान स्टेकला रेक कमाईचा मोठा घास घेतो. आणि माझं खातं सलग चार आठवडे वाढतंय का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर पत्त्यांचं खातं कितीही उणे असो, खेळ थांबवून शिकायला बसायचं.

पैशांची व्यवस्था सुरुवातीपासून वेगळी. पोकरचे पैसे वेगळ्या खात्यात. घरभाडं, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे यांचा त्याला स्पर्श नाही. दर रविवारी बायकोला एक आकडा सांगतो, आठवड्याचा, अधिक असो वा उणे. आकडा सांगताना जीभ अडखळली किंवा गोल करून सांगावासा वाटला, तर त्या आठवड्यात माझ्या खात्यात काहीतरी आहे हे वहीआधी कळतं. प्रत्येक बैठकीची तारीख, वेळ, आकडा लिहिलेला असतो. करासाठीही ते लागतं: ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने अमेरिकेत २०२६ पासून जुगारातला तोटा केंद्रीय करात ९० टक्केच वजा करता येतो. वर्षात २०,००० जिंकून २०,००० हरलेल्या माणसाचे २,००० करपात्र ठरतात. बरोबरीत सुटलेलं वर्ष आता खरोखर बरोबरीचं राहिलेलं नाही, आणि बँकरोल ठरवताना हे धरायला हवं.

न्यू जर्सीच्या साइटवर जमा रकमेची, तोट्याची आणि वेळेची मर्यादा घालता येते. मर्यादा कमी केली तर लवकर लागू होते. वाढवली तर आधीची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. हा उशीर फार कामाचा आहे, रात्री बाराला केलेला अविचार त्यात विरतो. पंधरा बाय-इनला किंवा नियम लागोपाठ दोनदा मोडले तर मी खातं स्वतः स्थगित करतो. कमीत कमी मुदत ७२ तासांची आहे. त्याहून पुढे राज्याच्या यादीत नाव घालून एक किंवा पाच वर्षांसाठी स्वतःला बाहेर ठेवता येतं. घरच्यांपासून आकडा लपवणं, घरखर्चातले पैसे वळवणं, उधारी, हरलेलं आजच परत मिळवायचंच म्हणून बसणं, खेळत नसताना चिडचिड आणि झोप उडणं: यातलं काही सुरू झालं असेल तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. तो डाऊनस्विंग राहिलेला नाही, त्याला स्टेक उतरवणं हा उपाय नाही. इथे १-८००-गॅम्बलर ही मदतवाहिनी आहे. भारतात टेली-मानस १४४१६, मराठीतूनही बोलता येतं, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून शट क्लिनिक चालतं. फोन करायला तोटा अमुक इतका मोठा व्हावा लागतो असं काही नाही.

सुट्टीनंतर परतायची रीतही ठरलेली आहे. ७२ तासांत टेबल, आलेख, दुसऱ्यांचे खेळतानाचे व्हिडिओ, काहीच पाहायचं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी आधी दहा जुने डाव निकाल झाकून सोडवायचे. त्यातले आठ तरी शांतपणे सुटले तर १० आणि २५ सेंटची दोन टेबलं, ४५ मिनिटं, रिलोड बंद, एक बाय-इन गेला की उठायचं. उठल्यावर आकडा न पाहता फक्त माझं खातं लिहायचं: किती निर्णय कळत असून चुकीचे घेतले. शून्य किंवा एक आला तर दुसऱ्या रात्री दीड तास, थांबायची मर्यादा दोन बाय-इन. सलग तीन रात्री असं गेलं की तिसरं टेबल, पुढच्या आठवड्यात चौथं.